चार्ज कशाचा द्यायचा?

जव्हार-मोखाड्यात शिक्षकांबद्दल दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही मतं शिक्षकांचीच असतात. एक मत असं की, इथे शिकवायचं तर इथलं होऊन राहावं लागतं; बदलीचा अर्ज खिशात घेऊन आलेल्या माणसाच्या हातून काही होत नाही. दुसरं मत असं की, शिक्षकी ही नोकरी आहे, तिचा संन्यास करू नका. खालचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले गुरुजी आणि सर ही कुणी ठरावीक माणसं नव्हेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. गुरुजी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचे, कोकणा समाजातले. आश्रमशाळेत शिकले, डीएड झाले, जिल्हा परिषदेत लागले आणि केंद्रप्रमुख होऊन निवृत्त झाले. सर बीड जिल्ह्यातले. 2010 च्या सीईटीतून आले. मोखाडा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी शिकवतात.

गुरुजी : काय सर, यंदा तरी यादीत नाव आलं का?

सर : नाही. तिकडे जागा निघाल्या तरी इकडचे सोडत नाहीत. पदं रिकामी असली की जिल्हा कार्यमुक्त करत नाही. मी रुजू झालो तो ठाणे जिल्ह्यात, शिक्षणसेवक म्हणून. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला आणि आम्ही डोंगरासकट पालघरात आलो. आता आंतरजिल्हा बदली मिळालीच, तर तिकडे सेवाज्येष्ठता शून्यापासून. तरी अर्ज भरतो.

गुरुजी : हेच मला खटकतं बघा. इतकी वर्षं काढलीत आणि अजून एक डोळा यादीवर. अहो, पोरांना कळतं ते. हे सर राहणारे, हे जाणारे, एवढं पहिलीतलं पोरही ओळखतं. जाणाऱ्याला ते जीव लावत नाही.

सर : पाट्या टाकणारा अर्ज न भरताही पाट्या टाकतो, गुरुजी. तुमच्या केंद्रात नव्हते का तसे? आणि जन्माने इथलेच. माझा अर्ज वर्षातून एकदा भरायचा असतो. बाकीचं वर्ष मी वर्गात असतो.

'वर्गात असतो' यात काय काय येतं, ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. तीस मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पालकाला चैनच वाटेल. पण पाड्यावरची तीस-बत्तीस मुलं चार इयत्तांत वाटलेली असतात. दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेल्यापुढे चारही इयत्ता बसतात. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका, असं कायद्याचं कलम 27 सांगतं. ऑनलाइन माहिती भरण्याला मात्र कुणी 'काम' धरत नाही, त्यामुळे ती कलमात बसते का, हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

गुरुजी : बरं, वर्गात असता. काय करता वर्गात? तपासायला नाही विचारत. मी आता निवृत्त माणूस, माझ्याकडे शेरापुस्तक नाही.

सर : जून-जुलैत पहिलीचं पुस्तक मी उघडत नाही. माझ्याकडे वारली बोलणारी मुलं आहेत, कोकणा आहेत, चार घरं कातकऱ्यांची आहेत, त्यांचं आणखी वेगळं. पुस्तक तिसरंच बोलतं आणि मी आलो तेव्हा बीडचं बोलत होतो. मुलं माझ्याकडे नुसती बघत राहायची. पुढे त्यांनीच मला शिकवलं. आता मी एक चित्र लावतो, समजा विहिरीचं. ती त्यांच्या बोलीत जे सांगतील ते तसंच्या तसं फळ्यावर लिहितो. एकानं सांगितलेलं वाक्य त्याच्यासमोर वाचून दाखवतो. आपण तोंडाने बोललो ते तिथे फळ्यावर आहे, उद्याही राहणार आहे, हे त्याला एकदा उमगलं की निम्मं काम झालं. पुस्तकाचं मराठी त्याच्यानंतर.

गुरुजी : आणि गणित?

सर : दुसरीत हातच्याच्या वजाबाकीला गाडी अडते. म्हणून काड्या. दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. बत्तीसातून पंधरा काढायचे तर सुट्या दोनच आहेत, मग एक गठ्ठा सोडावाच लागतो. ज्याने स्वतः रबर काढलं त्याला हातचा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मी काड्यांवर बसलो की तिसरीतली एक मुलगी पहिलीच्या दोघांना घेऊन वाचत बसते. ती माझी खरी सहशिक्षक. पगार नाही तिला.

गुरुजी : पण ही बोली आमच्या पोराला शिकावीच लागत नाही. तुमची पहिली दोन-तीन वर्षं ती शिकण्यात गेली. ती वर्षं कुणाच्या खात्यातून गेली? पहिलीतल्या मुलांच्या. म्हणून मी म्हणतो, अनुसूचित क्षेत्रात शिक्षक इथलाच हवा. जव्हार-मोखाडा अख्खे तालुके त्यात येतात. 2014 मध्ये राज्यपालांची अधिसूचना निघालीच होती, शिक्षकाचं पद स्थानिक आदिवासी उमेदवारातून भरा म्हणून.

सर : निघाली, मग अडकली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातलं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं आणि इकडेही भरती कोर्टकचेरीत सापडली. तुमच्या गावची डीएड झालेली पोरं मानधनावर येतात. मी कायम आहे आणि मला जायचंय. त्यांना राहायचंय आणि ती कायम नाहीत.

गुरुजी : यात तुमचा दोष नाही.

सर : त्यांचाही नाही. पण तुम्ही मघापासून मोजताय माझी निष्ठा.

इथे गुरुजींनी तेच केलं जे ठाणे-पालघरच्या शिक्षणावरची कुठलीही चर्चा करते. ते कोसबाडला गेले.

गुरुजी : निष्ठा मोजणारच. आम्ही कुणाकडे बघून शिक्षक झालो? ताराबाई मोडक 1945 ला बोर्डीत आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ हुजूरपागेतली नोकरी सोडून त्यांच्याकडे आल्या. 1957 ला सगळं कोसबाडच्या टेकडीवर नेलं आणि 1992 मध्ये जाईपर्यंत अनुताई तिथेच. त्याच सुमाराला आमच्या तालुक्यातली वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली आणि सगळ्या महाराष्ट्राला जव्हार कुठे आहे ते कळलं. त्या काळात ती बाई पुण्याला परत जायचा अर्ज करत नव्हती.

सर : अनुताईंबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आमच्या प्रशिक्षणांत त्यांचं नाव केव्हा निघतं, सांगू? आमच्याकडून काही फुकट करून घ्यायचं असलं की. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झाल्या. समाजाने त्यांचं घर आधीच बंद केलं होतं, तेव्हा त्यांनी शाळेला घर केलं. माझं घर बीडला आहे, गुरुजी. त्यात गुडघे गेलेली आई आहे. तिच्याकडे जायचं म्हटलं की मी अनुताईंपेक्षा कमी भरतो, हे मला मान्य नाही. आणि सरकारने कोसबाडकडून घेतलं काय? अंगणवाडी. 1975 पासून ती हळूहळू देशभर नेली, चांगलं केलं. पण तिथे बसवलेल्या बाईला अजून 'सेविका' म्हणतात आणि मानधन देतात.

सरांचा हा टोला मला बरोबर वाटतो. पण दोघंही कोसबाडकडे त्यागाच्या बाजूने पाहतात आणि तिथेच घोटाळा होतो. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करून बोर्डीत आल्या होत्या. त्यांना धंदा येत होता. मोठी मुलगी शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरलीसाठी शाळा, तिन्ही एका आवारात: ही विकासवाडी. मुलगा का येत नाही? तो गुरं राखतो. मग शिक्षिका कुरणात गेली: ती कुरणशाळा. मुलं अंगणात भेटतात, तर अंगणात वाडी भरवा. याला मी त्यागाच्या आधी निदान म्हणेन. मूल गैरहजर का, याचं कारण हाताने चाचपून बघणं आणि शाळेचा आकार त्याप्रमाणे कापणं, हे ज्याला येतं तो कसबी शिक्षक. तो लग्न झालेला असो, नसो.

आणखी एक. कोसबाडचं काम अनुताईंबरोबर संपलं नाही, कारण तिथे एकाशेजारी दुसरा काम करत होता. अनुताई आणि रमेश पानसे यांनी 1982 मध्ये ग्राममंगल सुरू केली. डहाणू तालुक्यात ऐन्याची शाळा उभी राहिली. तिथल्या कामातून घडलेले नीलेश निमकर यांनी 2007 मध्ये 'क्वेस्ट' काढली. तिचं ठिकाण वाडा तालुक्यातलं सोनाळे, इथून घाट उतरलं की तिथे. मागे पडलेल्या आश्रमशाळेतल्या मुलांना वाचायला कसं आणायचं, हे तिथली माणसं वर्षानुवर्षं करून पाहतात, लिहून ठेवतात आणि दुसऱ्या शिक्षकाला दाखवतात. यातल्या कुणाला एकट्याने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. मोखाड्यातल्या पाड्यावर रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाला मात्र दर वेळी करावी लागते.

गुरुजी : ते संस्थांचं झालं. मी साधी गोष्ट विचारतो. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की पाडा रिकामा होतो. भिवंडी, कल्याण, वसई, जिथे वीटभट्टी तिथे बिऱ्हाड. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात. मी त्या पाड्यावर राहायचो म्हणून जायच्या आदल्या रात्री दारोदार फिरायचो, पोर आजीजवळ ठेव म्हणून हात जोडायचो. तुम्ही पाचला मोटरसायकल मोखाड्याकडे वळवता. गाडी रात्री भरते, सर. तुम्हाला सकाळी रिकामं घर दिसतं.

सर : मला स्थलांतर सांगता, गुरुजी? मी कोयत्यावरचं पोर आहे. दसरा गेला की आई-बाप कारखान्याच्या फडात आणि आम्ही भावंडं आजीजवळ. मी शिकलो तो त्या आजीमुळे. इथे मी पालकांना हात जोडत नाही. म्हातारीला विचारतो, तुला तांदूळ पुरेल का? नसेल पुरत तर ती पोर ठेवणार नाही, मी कितीही हात जोडले तरी. हंगामी वसतिगृह मंजूर झालं आणि वेळेत पैसा आला, तर तिच्याच घरी मुलं जेवतात. जी जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक देतो. पण भट्टी कुठल्या शाळेपासून किती लांब आहे ते त्या कागदावर नसतं. मग मुकादमाचा नंबर मिळवायचा, त्या गावच्या शिक्षकाला फोन करायचा. कधी तो मूल बसवून घेतो, कधी म्हणतो माझाच पट बघवत नाही.

गुरुजी : नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या होत्या. भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, राहणाऱ्या मुलांची शाळा तिथेच. तसं काही हवं.

सर : हवंच. तेही माझ्याच निष्ठेच्या खात्यावर टाकू नका म्हणजे झालं.

मुख्यालयी राहण्याचा विषय निघाल्याशिवाय असं बोलणं संपत नाही. शिक्षकाने नेमणुकीच्या गावी राहावं, नाहीतर घरभाडे भत्ता सोडावा. राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणावा. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत लावून धरला, तेव्हा राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले होते. इथे तर तो रोजचाच.

सर : राहायला माझी ना नाही. खोली दाखवा. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. त्याच तालुक्यात माझ्या पाड्यावर एप्रिलमध्ये टँकर येतो. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर. तिथे बायको-लेकरं घेऊन राहा म्हणता. तुम्ही राहिलात, मानतो. तुमची मुलं कुठे शिकली?

गुरुजी : नाशिकला. बहिणीकडे.

सर : मग?

गुरुजी : मग काय. पाड्यावर चौथीपर्यंतच शाळा. पुढे आश्रमशाळा. मी आश्रमशाळेत कसा वाढलो ते मला माहीत होतं. ठेवली नाशिकला. थोरला मला अजून म्हणतो, तुम्ही गावच्या पोरांचे बाप होतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. पण एक सांगतो, मी राहिलो त्याचा पश्चात्ताप नाही. रात्री कंदिलाशी बसून पोरं वाचायची, ती अक्षरं मला अजून ऐकू येतात. तुमच्या पाचच्या मोटरसायकलला ते कधी ऐकू येणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हाला कमी लेखत नाही.

सर : खरं आहे. ते मला मिळालेलं नाही.

गुरुजी : आणि परीक्षेचं काय झालं? तुम्हालाही द्यावी लागणार म्हणतात.

सर : टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पास व्हायचंय. दिवसा काड्यांचे गठ्ठे आणि रात्री बालमानसशास्त्राचे पर्याय. विनोद असा की, पुस्तकात मातृभाषेतून सुरुवात करा हेच लिहिलंय. वाचून बरं वाटलं.

एवढं बोलून झाल्यावर सरांनी एक प्रश्न विचारला. या सगळ्या वादात मला तोच मोलाचा वाटतो.

सर : गुरुजी, केंद्रप्रमुख म्हणून तुम्ही किती चार्ज याद्यांवर सही केली असेल. उद्या माझी बदली झाली तर मी चार्ज कशाचा द्यायचा?

गुरुजी : जनरल रजिस्टर, किर्द, डेडस्टॉक, कपाटाच्या चाव्या, तांदळाचा शिल्लक साठा, असेल तर टॅब, टीव्ही.

सर : आणि मुलं?

गुरुजी : हजेरीपत्रकात असतात की.

सर : नावं असतात. त्या कातकरी मुलाशी वरच्या आवाजात बोललं की तो आठवडाभर येत नाही, हे कुठे आहे? दुसरीतल्या दोघी गठ्ठा सोडायला परवा शिकल्यात, त्यांना लगेच तोंडी गणित दिलं तर पुन्हा मागे जातील, हे? कुठल्या म्हातारीजवळ तांदूळ पुरतो आणि कुणाजवळ नाही? डेडस्टॉकमध्ये मोडकी घंटासुद्धा लिहिलेली आहे. हे नाही. माझ्या आधीचे सर गेले तेव्हा मला चाव्यांचा जुडगा मिळाला. बोली मी पहिल्यापासून शिकलो. तुम्ही विचारलंत ना, ती दोन-तीन वर्षं कुणाच्या खात्यातून गेली? ती मी येण्याने नाही गेली. आधीच्यांनी जाताना काहीच ठेवलं नाही, म्हणून गेली.

गुरुजी : त्यांना कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

सर : मला जायचंय, गुरुजी. ते बदलणार नाही. पण गठ्ठे आणि फळ्यावरची वाक्यं घेऊन बीडला जायचं नाहीये मला.

इथे माझं मत सांगतो. गुरुजी म्हणतात तसा स्थानिक शिक्षक हवाच, आणि डीएड झालेल्या इथल्या मुलामुलींना मानधनावर झुलवत ठेवणं अन्यायाचं आहे. पण भरतीचा गुंता न्यायालयातून आणि मंत्रालयातून सुटेल तेव्हा सुटेल. तोवर बाहेरचे शिक्षक येतील, त्यातले बरेच मन लावून शिकवतील आणि घराच्या ओढीने जातील. जाणं हा गुन्हा नाही. शिक्षकाच्या ध्यासावर भाषणं करणाऱ्या व्यवस्थेने त्या ध्यासातून तयार झालेलं ज्ञान मोडक्या घंटेइतकंही नोंदवू नये, हा मात्र गुन्हा आहे. बदल्यांचं वेळापत्रक उन्हाळी सुट्टीभोवती आखलेलं असतं. जुना शिक्षक आणि नवा शिक्षक मुलांसमोर एकत्र उभेच राहत नाहीत.

म्हणून दोन मागण्या. एक, शासनाकडे: अवघड क्षेत्रातल्या शाळेतून शिक्षकाला कार्यमुक्त करताना, नवा शिक्षक रुजू झाल्यावर शाळा चालू असताना दोघांना पंधरा दिवस एका वर्गात राहू द्या. खर्च पंधरा दिवसांच्या एका पगाराचा. दुसरी, जव्हार आणि मोखाड्याच्या पंचायत समित्यांकडे: चार्ज यादीत प्रत्येक मुलामागे एक पान जोडा. ते मूल घरी काय बोलतं, कुठपर्यंत वाचतं, कशाला घाबरतं, दिवाळीनंतर कुठे जातं आणि मागे कुणाजवळ राहू शकतं. याला शासन निर्णयाची गरज नाही. नमुना केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका दुपारी तयार होईल, आणि तो करताना गुरुजींसारख्या निवृत्त माणसाला बोलवा, त्याला पाड्यावरची घरं माहीत असतात. पुढच्या बदल्यांच्या आधी एवढं करून घ्या.